ती रात्र तबकडीत मावते का?

मागच्या व्याख्यानात आपण मूळ कलाकृती आणि तिची प्रत यांच्या नात्याबद्दल बोललो. चित्राची नक्कल, पुतळ्याचा साचा, ग्रंथाची आवृत्ती अशी उदाहरणे घेतली. सभागृहातून बाहेर पडताना एका तरुण श्रोत्याने विचारले, "सर, मग रॉक बँडच्या लाइव्ह अल्बमला काय म्हणायचं? मूळ की प्रत?" तेव्हा आम्ही वेळ मारून नेणारे काहीतरी उत्तर दिले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचे व्याख्यान त्या प्रश्नाला दिले आहे.

समोर आमच्या वयाची काही मंडळी दिसताहेत. रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे त्यांच्यापैकी कुणाला वाटत असेल तर तासाभरापुरते ते मत बाजूला ठेवा. गोंगाटातही विचार करण्यासारखे पुष्कळ असते, बरं का.

उलटे नाते

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या रागसंगीतात मैफल ही मूळ आणि रेकॉर्ड ही तिची सावली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात राग बसवायचा म्हणजे तडजोडच. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे, की खरे गाणे मैफलीत आहे.

रॉकमध्ये हे नाते उलटे आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ थिओडोर ग्रेसिक यांनी १९९६च्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की रॉकमधली मूळ कलाकृती म्हणजे स्टुडिओत घडवलेले ध्वनिमुद्रणच. आवाजावर आवाज चढवून, वाद्यांचा पोत ठरवून, महिनोन्‌महिने घासून पुसून ती तयार होते. बीटल्सचेच बघा ना. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांनी दौरे थांबवले आणि पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' हा अल्बम काढला. त्यातले बरेचसे संगीत त्या काळात चौघांना मंचावर वाजवून दाखवताच आले नसते.

आता अडचण बघा. मूळ कलाकृती स्टुडिओत असेल, तर मैफल ही तिची प्रत झाली. आणि मैफलीचे ध्वनिमुद्रण म्हणजे प्रतीची प्रत. प्लेटोला विचारले असते तर त्याने ते सत्यापासून तिसऱ्या पायरीवर टाकले असते. पुष्कळ लाइव्ह अल्बम त्याच लायकीचे असतात हेही खरे. दोन अल्बमांमधली पोकळी भरायची, कंपनीबरोबरचा करार पुरा करायचा, कमी खर्चात काहीतरी बाजारात आणायचे, यासाठी ते काढलेले असतात. जुनीच गाणी, जरा जास्त घाईत, जरा कमी सुरात, आणि दोन गाण्यांच्या मधे टाळ्या.

पण याच प्रकारातले काही अल्बम असे आहेत, की त्या बँडचे सर्वांत चांगले काम म्हणून लोक त्यांचेच नाव घेतात. प्रतीची प्रत मुळापेक्षा वरचढ कशी ठरते? आजचा प्रश्न हा आहे.

पहिली अट: गाण्याचे काहीतरी व्हायला हवे

ऑलमन ब्रदर्स बँड हा अमेरिकेच्या दक्षिण भागातला बँड. त्यांनी १९६९ मध्ये पहिल्या अल्बमसाठी 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणे स्टुडिओत केले, ते पाचेक मिनिटांचे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट या नाट्यगृहात तेच गाणे त्यांनी वाजवले तेव्हा ते तेवीस मिनिटे चालले. 'ॲट फिल्मोर ईस्ट' या दोन तबकड्यांच्या अल्बमची अख्खी चौथी बाजू त्याने व्यापली आहे. चार बाजूंत मिळून गाणी फक्त सात!

'द हू' या इंग्लिश बँडचे 'माय जनरेशन' मूळ सव्वातीन मिनिटांचे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात त्यांनी ते वाजवले आणि ते पंधरा मिनिटांच्या जवळ गेले. डीप पर्पलचे 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचे होते. जपानमध्ये ते वीस मिनिटांच्या घरात पोचले.

पण नुसती लांबी वाढवणे म्हणजे यश नव्हे. लांबण लावणारे गवई आपणही ऐकले आहेत. इथे आपल्याकडचा 'उपज' हा शब्द उपयोगी पडेल. वाढवणे वेगळे आणि उपजणे वेगळे. 'व्हिपिंग पोस्ट'मध्ये एका जागी सगळे वादक हळूहळू थांबत जातात, ताल जवळजवळ विरून जातो, एकटी गिटार काहीतरी शोधत राहते आणि बाकीचे तिच्या मागावर राहतात. पुढे काय होणार हे त्या क्षणी त्यांनाही पक्के ठाऊक नाही, हे आपल्याला ऐकू येते. स्टुडिओतल्या गाण्यात नेमकी हीच गोष्ट नसते. तिथे पुढे काय होणार हे आधीच ठरलेले असते.

म्हणजे यशस्वी लाइव्ह अल्बम मूळ गाण्याची प्रत करायलाच निघालेला नसतो. जुने गाणे त्याला निमित्त असते आणि त्याचा खरा विषय ते वाजवण्याची कृती हा असतो. आमच्या भाषेत सांगायचे तर एक कलाकृती 'वस्तू' आहे आणि दुसरी 'घटना'. ध्वनिमुद्रण त्या घटनेचे आहे. म्हणून प्लेटोची शिडी इथे लागूच पडत नाही.

घटना मोठीच असावी लागते असेही नाही. चीप ट्रिक या बँडचे 'आय वाँट यू टू वाँट मी' हे गाणे १९७७ मध्ये स्टुडिओतून आले, तेव्हा अमेरिकेत त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढच्या वर्षी टोकियोच्या बुडोकानमध्ये त्यांनी ते लांबवले वगैरे काही नाही, फक्त जास्त जोमाने आणि कडकपणे वाजवले. तेच ध्वनिमुद्रण १९७९ मध्ये अमेरिकेच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. गाणे तेच होते. पहिल्यांदा जो प्राण घालायचा राहिला होता तो मंचावर घातला गेला.

दुसरी अट: एकमेकांचे ऐकू यायला हवे

घटना घडायची तर वादकांना एकमेकांचे ऐकू आले पाहिजे. हे इतके साधे आहे, की आपण ते विसरतो.

बीटल्सच्या लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड बाउलच्या मैफली १९६४ आणि १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. समोर सतरा हजारांवर श्रोते आणि त्यांच्या किंकाळ्यांचा अखंड पूर. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे ध्वनिक्षेपक तेव्हा मंचावर नसत. मुद्रणयंत्र तीन ट्रॅकचे. ट्रॅक म्हणजे टेपवरची स्वतंत्र पट्टी. जितक्या पट्ट्या जास्त, तितकी वाद्ये वेगवेगळी नोंदवता येतात आणि नंतर एकेकाचा आवाज कमी-जास्त करता येतो. तीन पट्ट्यांत चार वादक, तीन गायक आणि सतरा हजार किंकाळ्या म्हणजे सगळी खिचडी. त्या टेपा बरीच वर्षे पडून राहिल्या. १९७७ मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्या बाहेर काढल्या. जुने यंत्र इतके तापे, की व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून त्यावर गार हवा सोडावी लागली, तेव्हा कुठे टेपा दुसरीकडे उतरवता आल्या. २०१६ मध्ये त्यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी नव्या तंत्राने किंकाळ्या आणि गाणे वेगळे करून पुन्हा अल्बम काढला.

हा अल्बम जमला की फसला? आमचे मत असे, की पुरावा म्हणून तो अमोल आहे. कानाला स्वतःचाच आवाज लागत नसताना ही मुले इतक्या सुरात कशी गात होती, याचे आश्चर्य वाटते. पण संगीतात तिथे नवे काही घडत नाही. घडणार कसे? ऐकण्याशिवाय संवाद नाही आणि संवादाशिवाय उपज नाही.

पुढच्या चार-पाच वर्षांत परिस्थिती बदलली. आठ आणि सोळा ट्रॅकची यंत्रे सभागृहात नेता येऊ लागली. ग्रेटफुल डेड या बँडने १९६९च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत सोळा ट्रॅकवर मैफली मुद्रित केल्या आणि त्यातून 'लाइव्ह/डेड' झाला. मंचावरची ध्वनियोजना सुधारली. श्रोतेही किंचाळायला नव्हे, ऐकायला येऊ लागले. आणि जागा बघा. फिल्मोर ईस्ट अडीच हजारांच्या आसपास माणसांचे, लीड्सचे भोजनगृह दोनेक हजारांचे. पन्नास हजारांच्या मैदानात आवाज हवेत विरतो. लहान बंदिस्त जागेत तो भिंतींवरून परत येतो आणि त्या जागेचा स्वतःचा रंग त्याला चढतो. नावाजलेल्या लाइव्ह अल्बमांपैकी इतके सारे १९६९ ते १९७९ या दहा वर्षांतले का, याचे एक कारण इथे आहे. यंत्रे पुरेशी चांगली झाली होती आणि मैदाने अजून फार मोठी झाली नव्हती.

तिसरी अट: श्रोता, पण बेताने

आता आपण भरतमुनींकडे वळू. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या 'सिद्धी'ची, म्हणजे यशाची चर्चा आहे. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वागण्यावरून ओळखायची: ते हसतात, 'साधु', 'अहो' असे उद्गार काढतात, त्यांच्या अंगावर रोमांच येतात, आसनावरून उठतात, वस्त्रे आणि अंगठ्या देतात. दैवी सिद्धी कुठे? जिथे गलका नाही, गडबड नाही आणि तरी नाट्यगृह भरलेले आहे तिथे.

गंमत बघा. लाइव्ह अल्बम काढणारा माणूस मिक्सिंगला, म्हणजे नोंदवलेल्या पट्ट्यांचा मेळ घालायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न असतो. श्रोत्यांचा आवाज किती ठेवायचा? पुष्कळ ठेवला तर तो जाहिरातीसारखा वाटतो. 'बघा, लोक किती वेडे झाले आहेत' असे कुणीतरी आपल्याला पटवतो आहे, असे वाटू लागते. अजिबात नसला तर स्टुडिओत वाजवल्यासारखे निर्जीव वाटते.

रोलिंग स्टोन्सचा १९६६ मध्ये अमेरिकेत निघालेला 'गॉट लाइव्ह इफ यू वाँट इट' हा अल्बम फसलेल्यांत मोजला जातो. त्यात दोन गाणी तर मुळात स्टुडिओत मुद्रित केलेली होती. त्यांच्यावर नंतर प्रेक्षकांच्या किंकाळ्या चढवल्या आणि ती लाइव्ह म्हणून विकली. भरतांच्या भाषेत, मानुषी सिद्धीची खोटी साक्ष दिली.

याउलट 'लाइव्ह ॲट लीड्स' ऐका. श्रोते फारसे ऐकूच येत नाहीत, पण वादकांच्या ताणावरून कळते, की समोर माणसे आहेत आणि ती टक लावून ऐकताहेत. हे दैवी सिद्धीच्या जवळचे झाले. 'ॲट फिल्मोर ईस्ट'मध्ये एका शांत जागी कुणीतरी ओरडतो, की रात्रभर वाजवत राहा. एकच माणूस, एकच वाक्य. हजारो टाळ्यांनी साधले नसते ते त्या एका आवाजाने साधते. ती खोली आपल्याला दिसू लागते.

नाट्यशास्त्रात सिद्धीबरोबर 'घात', म्हणजे प्रयोगात येणारी विघ्नेही सांगितली आहेत. वारा, आग, पाऊस, नटाच्या स्वतःच्या चुका, आणि प्रतिपक्षाच्या लोकांनी मत्सराने केलेला आरडाओरडा. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये हा शेवटचा घात अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा घडला. बॉब डिलन तेव्हा लोकगीतांची साधी गिटार सोडून विजेच्या वाद्यांचा ताफा घेऊन गात होते. जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटला आणि प्रेक्षकांतून एकाने 'ज्यूडास' अशी हाक दिली. ज्यूडास म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य. त्यानंतर डिलन आणि त्यांचे साथीदार जे शेवटचे गाणे वाजवतात, त्यात तो सगळा राग उतरला आहे. हे मुद्रण कित्येक वर्षे चोरून विकले जाई, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे म्हणून. अधिकृतपणे ते १९९८ मध्ये निघाले.

भरतांच्या हिशोबाने जो घात, तोच इथे सिद्धी झाला. आम्हाला वाटते, ध्वनिमुद्रित मैफलीचे हे वैशिष्ट्य आहे. त्या रात्री सभागृहात जो रसभंग असतो, तो नंतर ऐकणाऱ्यासाठी कधीकधी रसाचे मूळ ठरतो. कारण आपण जे ऐकतो ते नुसते गाणे नसते. एका माणसावर एक प्रसंग आला आणि त्याने तो कसा निभावला, हे आपण ऐकतो.

चौथी अट: रात्र निवडता यायला हवी

लेड झेपेलिन हा बँड मंचावर जबरदस्त आहे, असे त्यांना पाहिलेले सगळे सांगत. पण त्यांचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम 'द साँग रिमेन्स द सेम' १९७६ मध्ये आला आणि बऱ्याच चाहत्यांचा हिरमोड झाला. खुद्द बँडमधले लोकही त्याच्यावर खूश नव्हते. तो एका चित्रपटाचा ध्वनिपट होता. मुद्रण जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेले, अमेरिकेच्या लांबलचक दौऱ्याच्या अगदी शेवटच्या रात्री.

नंतर २००३ मध्ये गिटारवादक जिमी पेज यांनी जून १९७२ मधल्या कॅलिफोर्नियातल्या दोन मैफलींतून 'हाउ द वेस्ट वॉज वन' काढला आणि लोक म्हणाले, हाच तो बँड! चार माणसे तीच, गाणी बरीचशी तीच. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' दोन्हींकडे पंचवीस मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. फरक तेरा महिन्यांचा. एकीकडे ताजेपण आहे, दुसरीकडे थकवा आणि सवय. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या वेळी रात्र चित्रपटाच्या सोयीने ठरली, दुसऱ्या वेळी ती संगीताच्या सोयीने निवडली गेली.

निवड किती अवघड, याची एक प्रसिद्ध हकिकत आहे. 'द हू'ने १९६९च्या अमेरिका दौऱ्यातल्या मैफली मुद्रित केल्या होत्या. पण त्या ढिगाऱ्यातले तासन्‌तास कोण ऐकणार? पीट टाउनशेंड यांनी त्या टेपा जाळून टाकायला सांगितल्या आणि मुद्दाम दोन मैफली ठरवल्या, लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल. हलच्या मुद्रणात सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस गिटारच नोंदली गेली नव्हती, म्हणून लीड्स निवडले गेले. पर्याय संपला म्हणून एक श्रेष्ठ अल्बम झाला! त्याचे वेष्टनही बघण्यासारखे आहे. चोरट्या अल्बमांसारखा साधा तपकिरी पुठ्ठा, आणि तबकडीच्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचना, की खरखर आहे ती ठीक आहे, दुरुस्त करू नका.

डीप पर्पलने १५ ते १७ ऑगस्ट १९७२ अशा तीन रात्री ओसाका आणि टोकियोत मुद्रित केल्या. हा अल्बम फक्त जपानपुरता काढायचा होता, बँडला त्यात फार रस नव्हता. 'मेड इन जपान' जगभर गाजला तो ध्वनियोजक मार्टिन बर्च यांचे काम स्वच्छ होते म्हणून, आणि इतिहास घडवायचा आहे या दडपणाशिवाय ही मंडळी वाजवत होती म्हणूनही.

आणि खरेपणाचे काय?

आता अवघड भागाकडे येऊ. थिन लिझी या आयरिश बँडचा 'लाइव्ह अँड डेंजरस' हा १९७८चा अल्बम आम्ही अनेक वर्षे प्रेमाने ऐकला. नंतर वाचनात आले, की निर्माते टोनी विस्कोंटी यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला सुमारे पंचाहत्तर टक्के भाग नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केलेला आहे. बँडच्या लोकांनी ते नाकारले. त्यांच्या मते प्रमाण नेमके उलटे, किंवा त्याहूनही कमी. खरे काय ते आपण ठरवू शकत नाही. पण ते वाचल्या दिवशी आम्हाला फसवल्यासारखे वाटले, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटली. कालपर्यंत जे कानाला गोड लागत होते, त्यातला एक स्वरही बदललेला नव्हता. मग गेले काय?

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये असाच प्रश्न बनावट चित्रांबद्दल विचारला होता. दोन चित्रांत आज मला फरक दिसत नाही, पण एक बनावट आहे हे ठाऊक आहे, तर तेवढ्याने सौंदर्याच्या दृष्टीने काही बदलते का? गुडमन म्हणतात, बदलते. त्या माहितीमुळे आपण कसे बघायचे आणि काय शोधायचे ते बदलते. डेनिस डटन यांनी १९७९ मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. एखाद्या पियानोवादकाची तुम्ही वाहवा करता आणि नंतर कळते, की मुद्रण यंत्राने वेगवान केलेले आहे. तुमची वाहवा कशाची होती? नुसत्या ध्वनीची नव्हती. माणसाच्या बोटांनी जे साधले, त्या कर्तृत्वाची होती. कर्तृत्वाबद्दल खोटे सांगितले गेले, तर दाद चुकीच्या पत्त्यावर गेली.

हे आम्हाला पटते, पण त्यातून 'दुरुस्ती म्हणजे लबाडी' असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. इथे तीन पायऱ्या कराव्या लागतील.

पहिली पायरी निवड आणि काटछाट. 'ॲट फिल्मोर ईस्ट'साठी निर्माते टॉम डाउड यांनी वेगवेगळ्या खेळांतून गाणी निवडली, आणि 'स्टॉर्मी मंडे'मधला माउथ ऑर्गनचा एक तुकडा काढून टाकला. यात जे उरले ते सगळे खरोखर वाजवलेले आहे. हे संपादन झाले आणि संपादकाशिवाय कुठलेही पुस्तक होत नाही.

दुसरी पायरी डागडुजी. तंत्राच्या दोषाने जे नोंदले गेले नाही ते भरून काढणे. ग्रेटफुल डेडने 'युरोप ७२'मधले गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केले. मौजेचे उदाहरण म्हणजे हलची ती बेसविना टेप. २०१० मध्ये ती मैफल प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या गाण्यांत आदल्या रात्रीची लीड्सची बेस बसवली गेली, आणि ती बसली! हे दोन रात्रींचे मिश्रण आहे, पण काय केले ते उघड सांगितलेले आहे.

तिसरी पायरी, जे घडलेच नाही ते घडल्याचे भासवणे. जी तान मंचावर साधली नाही ती नंतर दहा वेळा प्रयत्न करून भरायची आणि वर टाळ्या तशाच ठेवायच्या. टाळ्या मूळ तानेला होत्या, आता त्या दुसऱ्याच तानेला जोडल्या गेल्या. आमच्या मते खोटेपणाची खरी जागा ही आहे. ओव्हरडबमध्ये तो नाही, या जोडणीत आहे. ऐकणाऱ्याला वाटते, त्या क्षणी त्याने जोखीम घेतली आणि निभावली. जोखीम नव्हतीच.

आणि जोखीम हीच तर आपण विकत घेतलेली वस्तू आहे. निर्दोष गाणे हवे असेल तर स्टुडिओतला अल्बम आहेच की घरात.

म्हणून दहा वर्षांनी आम्ही 'लाइव्ह अँड डेंजरस' पुन्हा काढून ऐकतो तेव्हा काय करतो? एक सुंदर घडवलेली वस्तू म्हणून ऐकतो. आनंद होतो. पण गाण्याच्या एका विशिष्ट वळणावर पूर्वी श्वास रोखला जायचा, तो आता रोखला जात नाही. गेले ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

समारोप

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मूळ की प्रत? वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले होते, की यांत्रिक प्रतीत कलाकृतीचे 'इथे आणि आत्ता' असणे हरवते. लाइव्ह अल्बम ही अशी विलक्षण गोष्ट आहे, की तिचा विषयच 'इथे आणि आत्ता' हा आहे आणि तिचे साधन मात्र यंत्र. तो क्षण ती आपल्याला परत देऊ शकत नाही. असा क्षण होता आणि त्यात काही माणसांनी एकमेकांचे ऐकत काहीतरी घडवले, याची साक्ष ती देते. म्हणून आमचे उत्तर असे: लाइव्ह अल्बम मूळही नाही आणि प्रतही नाही, ती साक्ष आहे. साक्षीला जे गुण लागतात तेच त्याला लागतात. सांगण्यासारखे काही घडलेले असावे, नीट ऐकलेले असावे, नेमके सांगावे, आणि पदरचे घालू नये.

साक्षीचे मोल कधी कळते? फिल्मोर ईस्ट २७ जून १९७१ रोजी कायमचे बंद झाले. अल्बम जुलैमध्ये निघाला. २९ ऑक्टोबरला गिटारवादक ड्वेन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात गेले, वय वर्षे चोवीस. अल्बमच्या शेवटी 'व्हिपिंग पोस्ट' संपते, टाळ्या सुरू होतात, आणि त्या टाळ्यांत बँड न थांबता पुढचे गाणे सुरू करतो. तेवढ्यात आवाज हळूहळू मंद होत तबकडी संपते. ते पुढचे गाणे, 'माउंटन जॅम', पुढच्या वर्षी दुसऱ्या अल्बममधून लोकांपर्यंत पोचले. तोवर ड्वेन नव्हते.

प्रश्नोत्तरांतून

*सर, आता प्रत्येक मैफल कुणी ना कुणी मोबाइलवर टिपतोच. मग लाइव्ह अल्बमची गरज उरली का?*

चांगला प्रश्न आहे. हे मोबाइलच्या आधीपासून सुरू झालंय. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून टेप करणाऱ्या चाहत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली. पर्ल जॅमने २०००च्या दौऱ्यातल्या बहात्तर मैफली एकेक करून अधिकृत अल्बम म्हणून विकल्या. यात खरेपणा पुरेपूर आहे, पण निवड श्रोत्यावर टाकलीय. बहात्तर रात्री ऐकायला आयुष्यातल्या बहात्तर रात्री लागतात. 'ही रात्र ऐका' असं जबाबदारीने सांगणारं कुणीतरी लागतं. ती गरज संपलेली नाही.

*तुम्ही सांगितलेल्या अटी आमच्या शास्त्रीय मैफलींच्या मुद्रणाला लागू होतात का?*

बऱ्याचशा होतात, फक्त जोर बदलतो. आपल्याकडे दर वेळी काहीतरी नवं घडणं हे गृहीतच असतं, त्यामुळे पहिली अट वेगळी सांगावी लागत नाही. तिसरी मात्र तंतोतंत लागू पडते. समेवर पहिल्या रांगेतून आलेली दाद मुद्रणातून पुसून टाकली, तर गायकाने पुढची जागा कुणासाठी घेतली ते कळेनासं होतं. म्हणून घरी जुन्या मैफलींच्या टेपा असतील त्यांना एक विनंती. त्या आजच्या यंत्रांवर उतरवून घ्याल तेव्हा खरखर काढा हवी तर, पण मधली 'क्या बात है' तेवढी राहू द्या.